साइड व्हीलची गाडी कुठे लावायची?

मागे दोन जादा चाके बसवलेली स्कूटर घेऊन एखादी विद्यार्थिनी कॉलेजच्या गेटशी येते, तेव्हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. आत दुचाकी हँडलला हँडल लावून उभ्या असतात. इतर मुले गाडी मागे खेचतात, दोन गाड्यांमधल्या फटीत घुसवतात, स्टँडवर लावतात आणि वर्गाकडे पळतात. तिला यातले काहीच जमण्यासारखे नसते. तिची गाडी रुंद असते, तिला बहुधा रिव्हर्स गिअर नसतो आणि उतरल्यावर कुबड्या टेकायला शेजारी मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही की कुणाला तरी हाक मारायची, तास सुरू झाल्यावर वर्गात शिरायचे, नाहीतर घरातल्या कुणीतरी रोज सोडायला यायचे. सोडणाऱ्यालाही नोकरी असते, तब्येत असते. त्याला जमले नाही त्या दिवशी तिचे कॉलेज बुडते.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पार्किंगचा विषय निघाला की अनेक कार्यालयांत उत्तर मिळते, ‘आमच्याकडे तसे विद्यार्थीच नाहीत.’ गाडी लावता येणार नाही, पायऱ्या चढता येणार नाहीत, हे पाहून किती जणांनी तिथे प्रवेशच घेतला नाही, याचा हिशेब मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. म्हणून आधी विद्यार्थी येऊ द्या, मग जागा आखू, हा क्रम चुकीचा आहे. जागा आधी हवी.

यासाठीचे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. मुंबई महापालिकेची हद्द वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ‘यूडीसीपीआर’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातल्या अडथळामुक्त बांधकामाच्या तरतुदींनुसार दिव्यांगांसाठी प्रवेशाजवळ दोन मोटारींची जागा हवी, तिथून इमारतीच्या दारापर्यंतचे अंतर जास्तीत जास्त ३० मीटर असावे, जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि ती राखीव असल्याचा फलक ठळक दिसावा. नेहमीच्या मोठ्या मोटारीला अडीच मीटर रुंदी धरतात. वरचा सुमारे एक मीटर दार पूर्ण उघडून, शेजारी व्हीलचेअर उभी करून, सीटवरून खुर्चीवर सरकण्यासाठी असतो. जमिनीवर निळे चित्र काढले आणि रुंदी अडीच मीटरच ठेवली, तर गाडी लागते पण माणूस उतरू शकत नाही.

या नियमाची एक मोठी उणीव मात्र बोलून दाखवायला हवी. तो मोटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. महाराष्ट्रातला दिव्यांग विद्यार्थी स्वतःच्या मोटारीने कॉलेजला येतो, असे दृश्य विरळाच. तो येतो साइड व्हीलच्या स्कूटरवर, बॅटरीच्या तीनचाकी सायकलवर, रिक्षाने, नाहीतर भावाच्या दुचाकीवर मागे बसून. त्याच नियमावलीत दुचाकीसाठी एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब जागा धरली आहे. जादा चाकांची स्कूटर त्या एका मीटरमध्ये मावत नाही. मावली तरी चालक शेजारी उभा राहू शकत नाही. त्यामुळे मोटारीच्या दोन जागा रंगवून नियम पाळला असे म्हणणारे कॉलेज आपल्या बहुतेक दिव्यांग विद्यार्थ्यांना काहीच देत नाही.

मग साइड व्हीलसाठी जागा कशी आखावी? कागदावर बसून ठरवण्यापेक्षा गाडी वापरणाऱ्या विद्यार्थ्यालाच बोलवावे आणि टेप घेऊन मागच्या जादा चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजावे. ही चाके वेगवेगळे कारागीर वेगवेगळ्या मापांनी बसवतात, त्यामुळे प्रत्येक गाडीची रुंदी थोडी निराळी निघते. त्या रुंदीत एका बाजूला व्हीलचेअर किंवा कुबड्यांसह माणूस उभा राहील इतकी, म्हणजे किमान ९० सेंटिमीटर मोकळी पट्टी मिळवावी. कुणी उजवीकडून उतरतो, कुणी डावीकडून, म्हणून दोन जागांच्या मधोमध एकच रुंद पट्टी ठेवली तर ती दोघांच्याही कामी येते. त्या पट्टीवर तिरप्या पिवळ्या रेघा मारल्या नाहीत, तर आठवडाभरात तिथे कुणीतरी बाइक लावणार हे नक्की धरावे.

रिव्हर्स गिअरचा मुद्दा आखणी करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. साध्या स्कूटरला जादा चाके लावली की ती पायांनी मागे ढकलणे भाग पडते, आणि ज्याच्या पायांत ताकद नाही त्याला तेच शक्य नसते. रिव्हर्सचे किट बसवून मिळते, पण ते सगळ्यांकडे नसते. म्हणून ही जागा भिंतीला तोंड करून कधीही आखू नये. एका बाजूने आत शिरून सरळ पुढून बाहेर पडता येईल अशी ती हवी. रस्त्याच्या कडेला समांतर आखलेली जागाही चालते, फक्त पुढे-मागे दुसरी गाडी अडवणार नाही एवढी लांबी सोडावी लागते.

जमीन सपाट असावी. आडवा उतार असेल तर साइड व्हीलची गाडी एका अंगाला कलते आणि उतरताना तोल जातो. खडी, वाळू, खचलेले पेव्हर ब्लॉक आणि गटारावरच्या रुंद फटींच्या जाळ्या या चार गोष्टी कुबडीच्या टोकाच्या वैरी आहेत. कोकणात, कोल्हापुरात, महाबळेश्वरकडे पावसाळ्याचे चार महिने शेवाळाची भर पडते. तिथे पत्र्याचे छप्पर हवेच. ज्याचे दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले असतात, त्याने छत्री कशी धरायची?

गेटवरही अडचण येते. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून अनेक ठिकाणी लोखंडी खांब रोवतात, साखळ्या लावतात, उंच गतिरोधक घालतात. खांबांमधून साधी बाइक वाकडीतिकडी करून निघते, पण साइड व्हील आणि व्हीलचेअर तिथेच अडतात. मुंबईच्या पदपथांवर असे खांब फार जवळजवळ रोवल्यामुळे व्हीलचेअर वापरणाऱ्यांची वाट बंद झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली होती. पदपथाला लागू पडते ते कॉलेजच्या फाटकालाही पडते. गतिरोधक अरुंद आणि उंच असेल तर एकीकडचे जादा चाक उचलले जाते आणि गाडी हिंदकळते. तो पसरट व बुटका करण्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा फार नसतो.

गाडी लागली की पुढची वाट सुरू होते. पार्किंगच्या जागेपासून पदपथावर चढायला उतरती कड हवी, रॅम्पचा चढ १२ फुटांत एका फुटापेक्षा जास्त नको, आणि त्या रॅम्पच्या तोंडाशी कुणाची बुलेट उभी नको. पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ सुमारे ४११ एकरांवर पसरले आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. इतक्या मोठ्या आवारात मुख्य इमारतीपाशी दोन राखीव जागा ठेवून भागत नाही. विद्यार्थ्याचा एक तास विभागात, दुसरा ग्रंथालयात आणि शुल्काचे काम परीक्षा विभागात असते. तिन्ही दारांशी त्याला गाडी नेता यायला हवी. जिथे वाहनांना बंदी आहे तिथेही त्याची स्कूटर म्हणजे वाहन नव्हे, त्याचे पाय आहेत, असे धरूनच परवाना द्यावा.

रिक्षाने किंवा पालकांबरोबर येणाऱ्यांना पार्किंगपेक्षा उतरण्याची जागा महत्त्वाची असते. दाराशी, छपराखाली, पाच-सात मिनिटे वाहन थांबू शकेल आणि मागून कुणी हॉर्न वाजवणार नाही अशी जागा. अंध विद्यार्थी गाडी चालवत नाहीत, तरी पार्किंगचा त्रास त्यांनाही होतो. पिवळ्या खडबडीत फरश्यांच्या पट्टीवर बाइक लावलेल्या असतात आणि पांढरी काठी थेट सायलेन्सरवर आपटते.

हे सगळे मागायचा अधिकार कुठून येतो, ते विद्यार्थ्याला आणि पालकांना ठाऊक हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या आहेत, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. कलम ३२ सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवते. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाचा आराखडा मंजूर होऊ शकत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही मिळू शकत नाही. ‘आमची इमारत जुनी आहे’ या सबबीला कलम ४५ उत्तर देते. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. सार्वजनिक इमारतीच्या कायद्यातल्या व्याख्येत शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतीही येतात.

हा अधिकार घडण्यामागे जावेद अबिदी यांचे मोठे काम आहे. व्हीलचेअर वापरणारे अबिदी पत्रकारितेच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील राइट स्टेट विद्यापीठात गेले. इमारतींना जोडणाऱ्या भुयारी मार्गांमुळे दिव्यांग विद्यार्थ्यांना ऊन, पाऊस, बर्फ चुकवून हिंडता येते, अशी त्या विद्यापीठाची ख्याती आहे. भारतात परतल्यावर त्यांनी दिव्यांगांच्या हक्कांची चळवळ उभी केली. त्यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी निकाल दिला. राखीव जागा भरण्याबरोबरच महाविद्यालयांतील सुगम्यतेकडे लक्ष देण्यास न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाला सांगितले, आणि शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांची समिती प्रत्येक संस्थेत असावी का याचा विचार करायला सांगितले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च २०१८ मध्ये अबिदी वारले. आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा केंद्राचा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत. म्हणून प्राचार्यांच्या टेबलासमोर विनवणीच्या सुरात बोलण्याची गरज नाही.

प्रत्यक्षात काय करावे? प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आवार एकदा कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी पाहावे. रविवारी सगळी पार्किंगे रिकामी आणि प्रशस्त दिसतात. वर्ग कोणत्या मजल्यावर भरतो, लिफ्ट चालू आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, आणि या तिन्हींपासून गाडी लावायची जागा किती दूर, हे पावलांनी नव्हे तर टेपने किंवा मोबाइलवर मोजावे. कॉलेजच्या संकेतस्थळावर नॅक या मूल्यांकन संस्थेला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल असतो. त्याच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत याची माहिती बहुधा छायाचित्रांसह दिलेली असते. ती जरूर वाचावी. कॉलेजने स्वतःच कागदावर दिलेल्या शब्दाइतका भक्कम आधार अर्जाला दुसरा मिळत नाही.

अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात, प्राचार्य किंवा कुलसचिवांच्या नावे द्यावा. एक प्रत समान संधी कक्षाला आणि विद्यापीठ असेल तर एक स्थावर विभागाला द्यावी. त्यात भावनिक मजकूर लांबवू नये. आपण कोणते वाहन वापरतो, त्याची रुंदी किती, किती अंतर चालता येते, कोणत्या इमारतींत कोणत्या वेळी जावे लागते, आणि म्हणून नेमक्या कोणत्या ठिकाणी कोणत्या मापाची जागा हवी, एवढे लिहावे. ‘ग्रंथालयाच्या मागच्या दारापासून १५ मीटरवर, रॅम्पशेजारी’ असे लिहिले की काम सोपे होते. ‘योग्य ती सोय करावी’ असे लिहिले की उत्तरही तसेच मोघम येते. सोबत दिव्यांगत्वाचे यूडीआयडी ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना आणि नोंदणी पुस्तिका यांच्या प्रती जोडाव्यात. जादा चाके बसवल्याची आरटीओकडे नोंद केलेली नसेल तर ती आधी करून घ्यावी, कारण अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. २०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा लिहिता येतो, तो पर्याय नवी गाडी घेताना विसरू नये. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.

अर्ज पडून राहिला तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे १५ दिवसांत अपील करता येते. सरकारी आणि अनुदानित संस्थांकडून माहिती अधिकारात इमारतीच्या सुगम्यता तपासणीचा अहवाल मागवता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी दहा रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

यानेही हालचाल झाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. महाराष्ट्राचे हे कार्यालय पुण्यात आहे. गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या राज्याचे स्वतंत्र आयुक्त आहेत. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधितांनी काय केले ते तीन महिन्यांत कळवायचे असते. तक्रारीसोबत रॅम्पवरच्या बाइक, बुजलेला फलक, राखीव जागेतली पाहुण्यांची गाडी यांची तारीखवार छायाचित्रे जोडली की बोलायला फारसे उरत नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे तरतुदी मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो.

प्राचार्य, कुलसचिव आणि स्थावर विभागातील अभियंत्यांसाठीही थोडे. जागा आखण्याचा खर्च रंगाचा डबा आणि एक फलक एवढाच असतो. ती राखण्याचे काम रोजचे आहे आणि ते सुरक्षा रक्षकाच्या हातात असते. रक्षकाला कुणी नीट सांगितलेलेच नसते. प्राध्यापकांची किंवा संचालक मंडळातील सदस्याची गाडी त्या जागेत आली तर तो बिचारा अडवणार कसा? म्हणून राखीव जागेत कुणाचीही गाडी आली तरी हटवावी, असा प्राचार्यांच्या सहीचा लेखी आदेश त्याच्या केबिनमध्ये लावावा. स्नेहसंमेलन, पदवीदान, नॅकची भेट, निवडणुकीचे मतदान केंद्र अशा दिवशी मांडवाचे खांब नेमके याच जागेत उभे राहतात. मांडववाल्याला आधीच आखून द्यावे.

फलकावर व्हीलचेअरचे चित्र असते, त्यामुळे व्हीलचेअर नसलेल्या विद्यार्थ्याला ‘चांगला चालतोस की’ असे ऐकवले जाते. कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत हिमोफिलिया, थॅलसीमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा झिजू शकतो. असा मुलगा पन्नास पावले सहज चालतो, पाचशे पावलांनी मात्र कळवळतो. त्याची तपासणी गेटवर चारचौघांत होता कामा नये. कॉलेजने कागदपत्रे एकदाच पाहावीत, गाडीवर लावायचे स्टिकर द्यावे आणि रक्षकाने फक्त स्टिकर बघावे. पाय मोडलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन महिन्यांचे तात्पुरते स्टिकरही ठेवावे.

परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. भारतातले यूडीआयडी कार्ड तिथे पार्किंगसाठी चालत नाही. अमेरिकेत गाडीच्या आरशाला अडकवायचा परवाना त्या त्या राज्याचे वाहन खाते डॉक्टरांच्या दाखल्यावर देते, आणि तो मिळाला तरी अनेक विद्यापीठांत आवाराचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. तिथल्या मानकांप्रमाणे २५ गाड्यांपर्यंतच्या पार्किंगमध्येही किमान एक सुगम्य जागा असावीच लागते, आणि तिच्या शेजारी उतरण्यासाठी पाच फुटांची पट्टी. ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिल ‘ब्लू बॅज’ देते, पण तो मुख्यतः रस्त्यावरच्या पार्किंगसाठी असतो. विद्यापीठाच्या आवारात विद्यापीठाचे नियम चालतात. त्यामुळे व्हिसाची कामे सुरू असतानाच तिथल्या दिव्यांग सेवा कार्यालयाला लिहून दोन्ही परवान्यांची चौकशी करावी.

इथे राहणाऱ्यांसाठी शेवटची आणि अनेकदा राहून जाणारी बाब परीक्षा केंद्राची. विद्यापीठाची परीक्षा बहुधा दुसऱ्याच कॉलेजात असते आणि तिथल्या रक्षकाला आपले स्टिकर माहीत नसते. लेखनिक आणि जादा वेळेसाठी अर्ज करताना त्याच अर्जात वाहन आत आणण्याची परवानगी, तळमजल्यावरील वर्ग आणि दाराजवळची जागा यांची मागणी लिहावी. हॉल तिकिटावर केंद्राचे नाव आले की लगेच तिथे जाऊन केंद्रप्रमुखांना भेटावे, गाडी कुठे उभी करायची ती जागा स्वतः पाहून घ्यावी आणि परवानगीच्या कागदावर त्यांची सही घ्यावी. परीक्षेच्या दिवशी त्याची एक प्रत गेटवर द्यावी आणि दुसरी हॉल तिकिटाबरोबर ठेवावी.